गाडीतल्या साऊंड सिस्टिमला फ्यूज कितीचा लावायचा आणि कुठे

"दादा, हजार वॅटचा अँप आहे, फ्यूज कितीचा टाकू?" सांगली-मिरजेत गाडीला साऊंड बसवणाऱ्या दुकानात हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तरही तितक्याच झटपट मिळतं, "साठचा टाका, काही होत नाही." या बोलण्यात वायरचा विषय निघतच नाही. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज ठरवताना सगळ्यात आधी वायर बघावी, अँपचे वॅट नंतर. अँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरची काळजी घ्यायला त्याच्या अंगावरच फ्यूज दिलेले असतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत जी चार-पाच मीटर लाल वायर कार्पेटखालून जाते, तिच्या राखणीला मात्र या एका फ्यूजशिवाय कुणी नसतं. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीवरून निघतं.

आग कशी लागते

१२ व्होल्टच्या बॅटरीला हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून तिची भीती कुणाला वाटत नाही. पण स्टार्टर फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर सहज देणारी ही बॅटरी शॉर्ट झालेल्या वायरीतून त्याच्या कितीतरी पट प्रवाह सोडू शकते. वायरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, दहापट झाला की शंभरपट.

आकड्यांत बघू. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची पाच मीटर वायर घेतली तर तिचा रोध साधारण ०.००८६ ओहम येतो. तिच्यातून ५० अँपिअर जात असतील तर सगळ्या लांबीत मिळून २१-२२ वॅट उष्णता होते. वायरीवर हात ठेवला तर जेमतेम कोमट लागेल. त्याच वायरीतून ५०० अँपिअर गेले तर ही उष्णता २१०० वॅटच्या वर जाते. घरातल्या गिझरची सगळी आच एका पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वायरीत उतरल्यासारखं ते होतं, आणि ती वायर कार्पेट, फोम आणि सीटच्या कापडाला चिकटून गेलेली असते. आधी वरचं पीव्हीसी वितळतं, मग उघडं तांबं आणखी दोन ठिकाणी पत्र्याला टेकतं.

शॉर्ट होण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, जिथे भोक पाडून वायर आत घेतलेली असते, तिथे पत्र्याची धार इन्शुलेशन कापत राहते. दुसरी जागा सीटची पटरी. तिसरी अपघाताची: पुढचा भाग चेपला की बॅटरी आणि पत्रा यांच्यात वायर सापडते. या तिन्ही वेळी अँपवरचा फ्यूज काहीच करू शकत नाही, कारण प्रवाह अँपपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ इंचांच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा कायमच उघड्यावर असतो, त्याला कुणाचंच संरक्षण नसतं. तो जितका आखूड तितकं बरं. जागा मिळाली तर मी एक वीतभरच ठेवतो. डिकीत अँपशेजारी बसवलेला मुख्य फ्यूज दिसायला छान दिसतो, पण त्याच्या मागची सगळी वायर वाऱ्यावर सोडलेली असते.

पहिली पायरी: वायर खरी किती आहे ते मोजा

बाजारात वायर दोन भाषांत मिळते. साऊंडच्या किटवर गेज लिहिलेलं असतं, ४ गेज, ८ गेज. इलेक्ट्रिकलच्या दुकानात अडीचची, चारची, सहाची अशी स्क्वेअर एमएममध्ये. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. ८ गेज म्हणजे ८.४ स्क्वेअर एमएम, ४ गेज म्हणजे २१, आणि शून्य गेज म्हणजे ५३ च्या आसपास.

स्वस्त किटवरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. वरचं प्लॅस्टिक जाड आणि आतली तार बारीक, हा प्रकार सर्रास असतो. तपासायला पाच मिनिटं लागतात. वायरीचं टोक सोला. आत बारीक तारा पीळ घातलेल्या असतात, बहुधा गुच्छांमध्ये. एका गुच्छातल्या तारा मोजा आणि गुच्छांच्या संख्येने गुणा. एका तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नसेल तर कुपवाड एमआयडीसीत काम करणारा ओळखीचा कुणी टर्नर गाठा, त्याच्याकडे मायक्रोमीटर असतोच. जाडीचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले तारांची संख्या, हे झालं वायरीचं खरं क्षेत्रफळ. समजा पाकिटावर '८ गेज' आहे आणि आत ०.२ मिलिमीटरच्या शंभर तारा निघाल्या. हिशोब येतो ३.१४ स्क्वेअर एमएम. असायला हवे होते ८.४.

मग धातू बघा. ब्लेडने तार हलकेच खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार, जिला बाजारात सीसीए म्हणतात. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण साठ-पासष्ट टक्के. वजनातही ती हातात घेतल्याबरोबर हलकी लागते. सीसीए वापरूच नये असं मी म्हणत नाही. लहान सिस्टिमला ती चालते. पण फ्यूज तिच्या कुवतीप्रमाणे लावावा.

शुद्ध तांब्याच्या वायरीसाठी, पाच मीटरपर्यंतच्या लांबीला, मी हे कमाल आकडे धरतो. याच्या वर फ्यूज नाही, मग अँपच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो:

२.५ स्क्वेअर एमएम: २० अँपिअर
४ स्क्वेअर एमएम: ३० अँपिअर
६ स्क्वेअर एमएम: ४० अँपिअर
१० स्क्वेअर एमएम: ६० अँपिअर
१६ स्क्वेअर एमएम: ८० अँपिअर
२५ स्क्वेअर एमएम: १२५ अँपिअर
३५ स्क्वेअर एमएम: १७५ अँपिअर
५० स्क्वेअर एमएम: २५० अँपिअर

सीसीए असेल तर एक ओळ वर सरका. म्हणजे १६ ची सीसीए वायर १० च्या तांब्यासारखी धरायची आणि ६० वर थांबायचं. हे आकडे थोडे सावध आहेत. काही तक्त्यांत २५ स्क्वेअर एमएमला १५० सुद्धा दिलेले दिसतील. पण एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. आधीच तापलेल्या वायरीची सोसण्याची ताकद कमी होते, म्हणून मी वरच्या टोकाला जात नाही.

आता मघाच्या त्या '८ गेज' वायरीकडे परत बघा. ३.१४ स्क्वेअर एमएम आणि वर सीसीए. तिच्यावर १५ अँपिअरच्या पुढे फ्यूज लावू नये. किटमध्ये तिच्याबरोबर फ्यूज येतो ६० चा. शॉर्ट झालं तर आधी वायर जळते की आधी फ्यूज उडतो, याचा भरवसा अशा जोडीत कुणालाच देता येणार नाही.

एक सल्ला: जाड वायर हवी असेल तर वेल्डिंग केबलचा विचार करा. औद्योगिक मालाच्या दुकानांत २५ आणि ३५ स्क्वेअर एमएमची मिळते. तारा अगदी बारीक असल्याने ती वळायला मऊ असते. फक्त तांब्याचीच मागा, कारण ॲल्युमिनियमचीही येते. आणि उष्णता, तेल, ज्वाला सोसणारी एचओएफआर प्रकारची घ्या. घरच्या वायरिंगची वायर गाडीत चालते का, असंही विचारलं जातं. तांबं चांगलं असतं, पण तिच्या तारा जाड असतात आणि सततच्या हादऱ्याने टोकाशी तुटत जातात. टेपच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या जोडणीला ठीक. बॉनेटखालून जाणाऱ्या मुख्य लाईनला नको.

दुसरी पायरी: अँप खरा किती ओढतो

खोक्यावरचे 'मॅक्स' किंवा 'पीक' वॅट सोडून द्या. उपयोगाचा आकडा आरएमएस, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ते वॅट. तो सापडत नसेल तर अँपच्या अंगावरचे पट्टी फ्यूज (दोन चपट्या पायांचे, रंगीत प्लॅस्टिकचे) बघा, ते सहसा खरं बोलतात. '२००० वॅट' छापलेल्या अँपवर २५ चा एकच फ्यूज असेल तर हिशोब सोपा आहे: २५ गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे अँपच्या पोटात सतत जाऊ शकणारी वीज ३४५ वॅट. त्यातली काही उष्णतेत जाते. बाहेर दोनशेच्या आसपास वॅट पडतील, दोन हजार येणार कुठून?

आरएमएस माहीत असेल तर असं काढा. क्लास एबी प्रकारचा अँप घेतलेल्या विजेची साधारण निम्मी ध्वनीच्या बाजूला देतो, क्लास डी साधारण ऐंशी टक्के. चार चॅनेलचा, ५० वॅट आरएमएसचा क्लास एबी अँप धरा: चारही चॅनेल मिळून २०० वॅट, भागिले ०.५ म्हणजे ४००, भागिले १३.८ म्हणजे २९ अँपिअर. वूफरसाठी ३०० वॅटचा क्लास डी मोनो अँप: ३०० भागिले ०.८ भागिले १३.८, म्हणजे २७. दोन्ही मिळून ५६ अँपिअर. हा पूर्ण आवाजाचा, सतत चालणारा आकडा झाला. प्रत्यक्ष गाण्यात ठेका येतो-जातो, त्यामुळे सरासरी बरीच कमी राहते.

याच वेळी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, तोही आठवा. लहान गाड्यांचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यावर हेडलाईट, एसीचा पंखा, वायपर सगळंच चालतं. फ्यूज मोठा लावला म्हणून वीज वाढत नाही.

तिसरी पायरी: दोन आकड्यांच्या मधला फ्यूज

आता दोन आकडे हातात आले. खालची मर्यादा अँपच्या गरजेची, वरची वायरीच्या कुवतीची. फ्यूज या दोन्हींच्या मध्ये बसला पाहिजे. आपल्या उदाहरणात गरज ५६ ची. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर मर्यादा बरोबर ६०; जमेल, पण अगदी काठावर. १६ ची घेतली तर मर्यादा ८०, फ्यूज ६० किंवा ८० कुठलाही चालेल. मी ६० लावीन. दोन्ही अँपवरच्या फ्यूजची बेरीज ३० अधिक ३० अशी ६० च येते, आणि तेवढ्यात काम भागत असेल तर वर जायचं कारण नाही.

मध्ये जागाच उरत नसेल, म्हणजे अँपला ८० हवेत आणि वायर ६० चीच असेल, तर वायर बदलायची. कितीही घासाघीस केली तरी याला दुसरा मार्ग नाही.

"बेसचा जोराचा ठोका आला की लहान फ्यूज उडेल," ही भीती बऱ्याच जणांना असते. फ्यूज इतका उतावळा नसतो. पट्टी फ्यूज आपल्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त प्रवाह किमान शंभर तास सोसेल असाच बनवलेला असतो. ३५ टक्के जास्त प्रवाहावर तो उडायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात, दुप्पट प्रवाहावर पाच सेकंदांपर्यंत. ढोलाचा ठोका सेकंदाच्या लहानशा भागात संपतो. पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ६० चा फ्यूज ८० अँपिअर काही मिनिटं वाहू देतो, आणि तेवढा वेळ ती उष्णता वायरीला सोसायची असते. म्हणून फ्यूज वायरीच्या मर्यादेच्या आतच हवा, 'थोडासा वर' चालत नाही.

उलट, रोजचा सततचा भार फ्यूजच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त ठेवू नये, अशी फ्यूज बनवणाऱ्यांची साधारण शिफारस असते. नाहीतर तो कायम तापतो, थकतो आणि एखाद्या दिवशी काही कारण नसताना उडतो. गाण्याची सरासरी कमी असल्यामुळे साऊंडमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

चौथी पायरी: फ्यूजचा प्रकार

काचेचा जाड नळीसारखा फ्यूज स्वस्त किटमध्ये हमखास येतो. मला तो आवडत नाही. दोन टोकांच्या टोप्या होल्डरच्या स्प्रिंगला नुसत्या टेकलेल्या असतात; हादऱ्याने त्या ढिल्या होतात, ढिल्या जागी ताप होतो, आणि फ्यूज शाबूत असतानाच होल्डर वितळतो. ३०-४० अँपिअरपर्यंत पट्टी फ्यूज उत्तम, त्याच्या वर बोल्टने आवळायचे फ्यूज घ्या: मिनी-एएनएल, मिडी किंवा मोठ्या सिस्टिमला एएनएल. बोल्टची पकड घाटातल्या खड्ड्यांनाही दाद देत नाही.

पट्टी फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ चा फिकट तपकिरी, ७.५ चा गडद तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक, ३० चा हिरवा, ४० चा केशरी. मोठ्या आकाराच्या मॅक्सी फ्यूजचे रंग वेगळ्या हिशोबाने चालतात, तिथे रंग न बघता आकडा वाचा.

दुसरी बाजू नकली मालाची. सुट्या पाकिटातले काही पट्टी फ्यूज आकड्याच्या दुप्पट प्रवाहावरही उडत नाहीत. पाकीट घेतलं की त्यातल्या ५ च्या एका फ्यूजचा बळी द्या. हेडलाईटचे ६०/५५ वॅटचे दोन बल्ब एकमेकांना समांतर जोडा, दोन्हींचे ६० वॅटचे फिलामेंट वापरा, आणि मध्ये हा फ्यूज घालून बॅटरीवर लावा. दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढतात, म्हणजे फ्यूजच्या दुप्पट. पाच सेकंदांत तो उडायलाच हवा. नाही उडाला तर सगळं पाकीट परत करा. बल्ब भयंकर तापतात, ते विटेवर किंवा फरशीवर ठेवा आणि हात लावू नका.

फ्यूजच्या जागी घरातली एमसीबी लावलेलीही मी पाहतो. ती एसी प्रवाहासाठी आणि भिंतीवर स्थिर बसण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. गाडीत नको. आणि उडालेल्या फ्यूजला तार गुंडाळणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं म्हणजे फ्यूज काढूनच टाकणं.

पाचवी पायरी: बसवणं

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना पुरतो. हायब्रिड गाडी असेल तर केशरी रंगाच्या कुठल्याही वायरीच्या वाटेला जाऊ नका, ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं.

होल्डर बॅटरीजवळ पक्का स्क्रूने बसवा, लोंबकळत ठेवू नका. वायरीच्या टोकाला तिच्याच मापाचा तांब्याचा लग (बोल्टसाठी भोक असलेली टोपी), क्रिंपिंगच्या अवजाराने चांगला दाबून बसवलेला म्हणजे क्रिंप केलेला, वर हीट श्रिंक स्लीव्ह. पकडीने चेपलेला लग दिसायला ठीक वाटतो, पण ओढला की निघून येतो. क्रिंप केल्यावर जोर लावून ओढून बघाच. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याची धार झाकणारं कडं, हवाच हवा. बॉनेटखालची सगळी वायर नालीदार फ्लेक्झिबल पाईपमधून न्या, सायलेन्सर, पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब. आत आल्यावर पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए (टेपकडून अँपकडे आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने घ्या, म्हणजे इंजिनची शीळ स्पीकरमध्ये येत नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ती शीळ सहन होणं अवघड आहे.

सातारकरांसाठी इथे थोडं जास्त. महाबळेश्वर, पाचगणी, कास पठार या बाजूला गाडी पावसाळाभर ओलीत राहते. होल्डर झाकणाचा घ्या. वायर होल्डरमध्ये खालून वर जाईल अशी वळवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून होल्डरमध्ये न शिरता खालीच गळतं. पावसाळा संपला की झाकण उघडून बघा. फ्यूजच्या पायांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर घासून साफ करा, फार खाल्लं असेल तर फ्यूज आणि होल्डर दोन्ही बदला. सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे बघावं. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून रस्त्यावर असू शकतात. अशा गाडीचं वरचं रंगकाम नवं असलं तरी फ्यूजबॉक्सचे पाय खरं सांगतात.

अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या वायरीत फ्यूज लावायचा नाही. तो उडाला तर अँपचा प्रवाह परतीची वाट शोधत आरसीएच्या जाळीतून टेपमध्ये शिरतो आणि टेप जळतो. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड, अर्ध्या मीटरच्या आत, बॉडीचा रंग घासून उघड्या पत्र्यावर बोल्टने. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर असतो. तिथे थेट काही जोडू नका, अर्थ बॉडीवरच घ्या.

फ्यूज शेवटी घालायचा. सगळी जोडणी झाली, फ्यूज अजून हातात आहे आणि अँपची पॉझिटिव्ह वायर काढलेली आहे, अशा वेळी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून लाल वायर आणि बॉडी यांच्यात बघा. बीप आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. नाही आला तर अँप जोडा, निगेटिव्ह लावा आणि मग फ्यूज बसवा. बसवताना बारीकशी ठिणगी पडते, ती अँपमधले वीज साठवणारे कपॅसिटर भरल्याची असते, घाबरायचं कारण नाही. अर्धा तास रोजच्यासारखी गाणी लावा आणि होल्डरला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसतोय तर बोल्ट ढिला आहे. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून चालू फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवला आणि ०.१ व्होल्टच्या वर आकडा दिसला, तरी तेच निदान.

दोन अँप, टेप आणि रिमोट

आपल्या उदाहरणात १६ स्क्वेअर एमएमची वायर डिकीत येते आणि तिथून दोन अँपना ६ च्या दोन वायरी जातात. मुख्य फ्यूज ६० चा, ६ च्या वायरीची मर्यादा ४०. म्हणजे या दोन फाट्यांचं रक्षण मुख्य फ्यूज करत नाही. जिथे जाड वायरीची बारीक होते, तिथे नवा फ्यूज लागतो. फ्यूजवाला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक (एका वायरीचे फाटे करणारा डबा) घ्या आणि दोन्हीकडे ३० किंवा ४० चा लावा.

टेपच्या मागे बहुधा १० किंवा १५ चा फ्यूज असतो. उडाला तर तेवढ्याचाच घाला. कंपनीचं वायरिंग कापण्यापेक्षा गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे न कापता जोडायचा सॉकेट, घ्या, वॉरंटीचा वाद टळतो. टेपकडून अँपकडे जाणाऱ्या निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरीत अगदी थोडा प्रवाह असतो. तिच्यात १ अँपिअरचा फ्यूज घातला तर वायर कुठे घासली तरी टेपचं आतलं सर्किट वाचतं. सक्ती नाही, पण खर्च दहा-वीस रुपयांचा.

उसाच्या ट्रॅक्टरवरचा साऊंड

गळीत हंगामात पलूस, वाळवा, कराडच्या बाजूला रात्री रस्त्यावर उभं राहिलं तर ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. रात्रभर जागून ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरला गाणी हवीतच, त्यात गैर काही नाही. आवाज इतकाच असावा की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल. माझी काळजी या वायरिंगची आहे, कारण गाडीपेक्षा ट्रॅक्टरवर आग लागायची शक्यता मला जास्त दिसते. बॅटरीभोवती वाळलेलं पाचट अडकलेलं असतं. वायर छताच्या पाईपला नुसती बांधून वर नेलेली असते आणि हादरे सतत चालू असतात. बहुतेक ठिकाणी मुख्य फ्यूज नसतोच, लाईन थेट बॅटरीवरून.

इथे पट्टी फ्यूजही नको, बोल्टचा मिडी किंवा मिनी-एएनएल लावा, झाकणासकट, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. वायर फ्लेक्झिबल पाईपमधून, पाईपच्या धारेशी रबर, आणि दर वीतभर अंतरावर झिप टाय. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सहसा गाडीपेक्षा लहान असतो, म्हणून अँपही त्याला झेपेल तेवढाच. कारखान्याच्या यार्डात रांगेत इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी लावली तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. त्यावर फ्यूजचा काही उपाय नाही. आठवड्यातून एकदा डिझेल भरताना बॅटरीजवळचं पाचट काढून टाका.

फ्यूज उडाला तर

पहिलं काम: त्याच्याकडे नीट बघा. मधली पट्टी शांतपणे वितळून तुटलेली असेल तर बहुधा भार जास्त झाला होता. काच किंवा प्लॅस्टिक आतून काळं पडलं असेल, धातू शिंतडला असेल, तर जोराचा शॉर्ट. पट्टी शाबूत, पण पायाजवळचं प्लॅस्टिक वितळलंय, म्हणजे होल्डरची पकड ढिली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि तिन्हींमध्ये मोठा फ्यूज टाकणं हा उपाय नाही.

काळा पडलेला असेल तर नवा लगेच घालू नका. अँपची पॉझिटिव्ह वायर काढा आणि तिचं टोक इन्शुलेशनच्या चिकटपट्टीने झाका. फ्यूजच्या जागी ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब पूर्ण पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. फायरवॉलपासून सुरू करून वायर हलवत जा, जिथे बल्ब लुकलुकेल ती जागा. बल्ब पेटला नाही तर वायर चांगली. मग अँप जोडा. क्षणभर चमकून विझला तर अँपही ठीक, नुसते कपॅसिटर भरले. पेटूनच राहिला तर अँप आतून शॉर्ट आहे, तो दुरुस्तीला द्या. बल्ब मध्ये असल्यामुळे दोन अँपिअरच्या वर प्रवाह जातच नाही, त्यामुळे शोधाशोध करताना नवे फ्यूज जळत नाहीत आणि वायरही तापत नाही.

काम संपलं की होल्डरच्या झाकणावर पक्क्या मार्करने वायरीचं माप आणि फ्यूजचा आकडा लिहून ठेवा, "१६ तांबं, ६०" एवढंच. त्याच आकड्याचे दोन फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रात्री खंबाटकी घाटात फ्यूज उडाला आणि दुसऱ्याच कुणी बॉनेट उघडलं, तर त्याला कितीचा टाकायचा हे विचारावं लागणार नाही.